माहितीबाईच्या मागावर

माझे भावोजी कुणावरही विश्वास ठेवत नाहीत. हे मी कौतुकाने सांगत नाही आणि तक्रार म्हणूनही नाही, कारण तक्रार करून करून माझंच तोंड दुखलं. घरात दूध आलं की आधी वास घेतील, मग चमच्याने ढवळून बघतील, आणि एवढं करून पहिला पेला माझ्या हातात देऊन माझ्याकडे बघत बसतील. एकदा पोस्टमनने जाता जाता "कसं काय, बरं आहे ना?" एवढंच विचारलं, तर हे दिवसभर बेचैन. तो असं का म्हणाला असेल? "पाणी मुरतंय कुठेतरी, मेहुणीबाई," हे त्यांचं पालुपद.

धंदाही नेमका शोभेल असा मिळाला. कुलपं दुरुस्त करायची, किल्ल्या करून द्यायच्या, कुणी स्वतःच्याच घराबाहेर अडकला तर जाऊन दार उघडून द्यायचं. पण दार उघडायला बोलावणारा प्रत्येक माणूस ह्यांना आधी चोर वाटतो. शेजारच्यांना उठवून "हे ह्यांचंच घर ना?" असं विचारल्याशिवाय हत्यारांच्या पिशवीची चेन उघडत नाहीत. लोक चिडतात, पण बोलावतात ह्यांनाच. हात साफ आहे ना.

खाली रस्त्याला लागून दुकान, दुकानाच्या मागे त्यांच्या दोन खोल्या, आणि वरच्या मजल्यावर मी आणि माझं शिलाई मशीन. ताई माझी थोरली बहीण. ती गरीब, मी तशी नाही. त्यामुळे भावोजींना चार शब्द सुनावायची जबाबदारी पहिल्यापासून माझ्याकडे आली, आणि मी ती कधी टाळली नाही.

त्यांच्या मुलीला आम्ही भिंगरी म्हणतो. चालायला लागली तशी ती गोल गोल फिरायलाच लागली, म्हणून. भिंगरीला ऐकू येत नाही हे ताईच्या लक्षात फार आधीच आलं होतं. दार धाडकन आपटलं तरी पोर झोपलेली. हाक मारली तर ढिम्म. हॉस्पिटलात तिला झोपवून, डोक्याला वायरी लावून तपासणी केली आणि डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. कानामागे लावायची यंत्रं काही महिने लावून झाली, काही फरक पडला नाही. मग ते म्हणाले, कॉक्लियर इम्प्लांट करू. ऑपरेशन करून कानाच्या आत एक बारीक तार बसवायची आणि बाहेर कानाशी एक यंत्र. खर्च हॉस्पिटलच्या मदतनिधीतून होणार होता, म्हणजे तीही अडचण नव्हती. अडचण होती भावोजींच्या सहीची.

"फुकट करून देतायत?" भावोजी म्हणाले. "मग तर नक्कीच पाणी मुरतंय."

शिवाय त्यांच्याकडे पुरावा होता. दुकानाच्या मधोमध लाकडी फळ्यांचा एक हातभर उंच ओटा आहे, त्यावर भिंगरी जुन्या कुलपांशी खेळत बसायची. भावोजी गुपचूप तिच्या पाठीमागे जायचे आणि किल्ल्यांचा मोठा जुडगा फळीवर टाकायचे. खण्ण. आणि भिंगरी वळून बघायची. दर वेळी. हा प्रयोग त्यांनी मला दाखवला, ताईला दाखवला, समोरच्या न्हाव्याला बोलावून दाखवला. "डॉक्टरांची मशीन बिघडलीय," ते सगळ्यांना सांगत. "पोरीला ऐकू येतं. मनात आलं की ऐकते. हट्टी आहे, मावशीवर गेलीय." मला राग यायचा, पण खोटं कशाला बोलू, ती वळलेली बघून मलाही आशा वाटायची.

डॉक्टर म्हणाले होते, उशीर करू नका. ऐकायला शिकायचं मेंदूचं एक वय असतं, ते हातचं जाऊ देऊ नका. भिंगरी दोन वर्षांची होऊन गेली होती. ताईचा जीव टांगणीला लागला. तिने हॉस्पिटलातून एक फोन नंबर आणला, अशा मुलांच्या आईबापांच्या गटाचा. आणि एक दिवस दुपारी त्या गटातली एक बाई आमच्या दुकानात येऊन उभी राहिली.

साधीच होती. चष्मा, खांद्याला कापडी पिशवी, पायात झिजलेल्या चपला. नाव सांगितलं तिने, पण भावोजींनी तिथल्या तिथे तिचं बारसं करून टाकलं: माहितीबाई. तिचा स्वतःचा मुलगा जन्मापासून बहिरा, त्याला लहानपणीच इम्प्लांट केलेलं, आता शाळेत जातो. दर शनिवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत ती अशा आईबापांना जमवते आणि जे जे विचारतील ते सांगते. ताईला तिने सगळं नीट समजावलं. की ऑपरेशनने कान बरा होत नाही. यंत्र काढलं की मूल पुन्हा पहिल्यासारखं. ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी यंत्र चालू करतात, आणि त्यानंतर खरं काम सुरू होतं, वर्षानुवर्षं, रोज बोलायचं, रोज ऐकायला शिकवायचं. कुणाला खूप उपयोग होतो, कुणाला थोडा.

भावोजी किल्लीवर कानस घासत ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, ह्या कामाचे तुम्हाला कोण किती देतं?

"कुणी काही नाही," ती हसून म्हणाली.

झालं. एवढं पुरे होतं. कमिशन मिळतं म्हणाली असती तर भावोजींनी तिला खुर्ची दिली असती. फुकट उन्हात हिंडणारी बाई म्हणजे मोठीच टोळी असणार. त्यांनी कानस खाली ठेवली, म्हणाले, थांबा, तुम्हाला एक गंमत दाखवतो, आणि जुडगा उचलून ओट्याकडे गेले. खण्ण. भिंगरी वळली. भावोजींनी माहितीबाईकडे असं पाहिलं की आता काय बोलता बोला.

ती ओट्याजवळ गेली, भिंगरीशी दोन मिनिटं खेळली, तिला उचलून कडेवर घेतलं आणि म्हणाली, "दादा, आता टाका."

भावोजींनी टाकला. भिंगरी तिच्या चष्म्याशी खेळत राहिली. पुन्हा टाकला, जोरात. पुन्हा. समोरचा न्हावी वस्तरा हातात घेऊन दारात आला, इतका आवाज. भिंगरी चष्म्याची काडी ओढत होती.

"तिला फळीचा हादरा कळतो, दादा. बुडाला जाणवतो," माहितीबाई हळू आवाजात म्हणाली. "आमच्याकडे असं सगळ्यांनीच केलंय. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी दारं आपटली."

ताई तोंडात पदर कोंबून आत गेली. आणि भावोजी, ज्यांनी कधी गिऱ्हाइकावर आवाज चढवला नाही, ते त्या बाईवर असे ओरडले की न्हावी दारातून मागे सरला. तूच तिचे कान दाबलेस, तूच तिला खेळात गुंतवलंस, पुन्हा ह्या दुकानाची पायरी चढायची नाही. बाई शांतपणे भिंगरीला माझ्याकडे देऊन गेली. त्या दिवसापासून घरात ऑपरेशनचा विषय काढायला बंदी झाली.

आता गंमत ऐका. त्यानंतर भावोजी दर शनिवारी दुपारी दुकान बंद करून जायला लागले. शनिवारी, ऐन गर्दीच्या वेळी. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. कुठे जाता विचारलं तर "काम आहे". परत यायचे ते गप्प, विचारात बुडालेले. ताईने आधी मनाची समजूत घातली, मग रडली, मग माझ्याकडे येऊन म्हणाली, "ह्यांचं कुठेतरी दुसरीकडे काही आहे का गं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरात पोर अशी आणि ह्यांना इस्त्रीचे शर्ट सुचतात? पुढच्या शनिवारी मी हातातला ब्लाउज तसाच मशीनवर टाकला आणि त्यांच्या मागोमाग निघाले.

संशयी माणसाचा पाठलाग करणं सोपं नसतं. ते दर वळणावर मागे बघत होते. मी एकदा भाजीवाल्याच्या हातगाडीआड झाले, एकदा अनोळखी बाईला मिठी मारल्यासारखं करून तिच्या खांद्याआड लपले, तिने काय समजायचं ते समजो. शेवटी भावोजी वाचनालयासमोरच्या बाकावर जाऊन बसले आणि तोंडासमोर वर्तमानपत्र धरलं. समोरच्या दारातून लहान मुलांना घेतलेले आईबाप आत जात होते. मी तासभर ताटकळले. मग माहितीबाई बाहेर आली, रस्त्याला लागली, आणि आमचे भावोजी वर्तमानपत्र घडी करून तिच्या मागे.

म्हणजे ही. मनात म्हटलं, शाबास.

पुढे ती, मध्ये हे, शेवटी मी, अशी आमची वरात निघाली. ती एका जुन्या चार मजली इमारतीत शिरली आणि भावोजी समोरच्या फुटपाथवर खांबाला टेकून वर बघत उभे राहिले. मी मागून जाऊन त्यांचा दंड धरला. ते केवढ्याने दचकले. माझं तोंड सुटणार होतं, तेवढ्यात त्यांनीच दबक्या आवाजात सुरू केलं. की ते कित्येक आठवडे तिच्यावर पाळत ठेवून आहेत. तिच्याकडे गाडी नाही. घर भाड्याचं आहे. यंत्रांच्या कंपनीचा माणूस भेटायला येत नाही. बरोबर मुलगा असतो, तो बोलतो, पण तो मुळात बहिरा आहे कशावरून? चांगला ऐकणारा पोरगा घेऊन कानाला डबी चिकटवली की झालं. आज ते ह्याचा सोक्षमोक्ष लावणार होते.

मला हसावं की रडावं कळेना. बायको तिकडे सवतीच्या धास्तीने झुरतेय आणि नवरा इकडे गुप्तहेर झालाय. मी काही बोलणार, तोच वरून आवाज आला. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत माहितीबाई उभी होती.

"दादा, आज तरी वर या. तुमची हत्यारं आहेत का जवळ?"

हत्यारं होतीच. भावोजी जेवायलासुद्धा पिशवी घेऊन बसतात. तिने त्यांना केव्हाच पाहिलं होतं म्हणे, दुसऱ्याच शनिवारी.

दोन खोल्यांचं घर, त्यात बसायला जागा नाही इतकी पुस्तकं आणि खेळणी, गटातल्या मुलांसाठी आणलेली. माहितीबाईचं खरोखरच काम होतं. न्हाणीघराची आतली कडी काढून तिथे बाहेरूनही उघडेल असं कुलूप बसवून हवं होतं. "हा आत कडी लावून बसतो," ती म्हणाली, "आणि अंघोळीच्या वेळी यंत्र बाहेर. परवा आत घसरून पडला, दार उघडेना. मी बाहेरून सांगतेय घाबरू नकोस, पण सांगणार कुणाला?"

मुलगा तेव्हाही आतच होता. पाण्याचा आवाज येत होता आणि तो कसलंतरी गाणं भसाड्या सुरात म्हणत होता. फडताळावर एका डबीत त्याचं यंत्र ठेवलेलं. भावोजींनी डबीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि माझ्या लक्षात आलं की ह्यांना हवी होती तशी संधी आयती मिळाली. ते दाराशी गेले. आधी हाक मारली. मग दारावर थाप मारली. मग एकदम ओरडले, "आग लागलीय, पळ बाहेर!" मीच जिन्याकडे वळले. आतलं गाणं तसंच चालू. एक ओळ संपली, दुसरी सुरू झाली.

माहितीबाई रागावली नाही. तिने हात लांब करून न्हाणीघराच्या दिव्याचं बटण दोनदा बंद-चालू केलं. आतून लगेच आवाज आला, "आलो गं आई, दोन मिनिटं."

पोरगा डोकं पुसत बाहेर आला, डबीतलं यंत्र काढून कानाला अडकवलं, त्याची लोहचुंबकाची चकती कानाच्या वर केसांत टक्कन चिकटली. मग त्याने आमच्याकडे पाहिलं. "काका, तुम्हीच ते खांबापाशी उभे असता ते ना? आई म्हणते, उन्हात चक्कर येईल तुम्हाला."

भावोजींनी खाली बसून कडी काढायला घेतली. बराच वेळ त्यांना स्क्रू सापडेना. मग मान वर न करता त्यांनी विचारलं, "मग सही करू म्हणता?"

ती म्हणाली, ते मी सांगणार नाही, मी डॉक्टर नाही. माझ्या मुलाला पाहून तर मुळीच करू नका. आणि तिने त्यांना एका बुकबाइंडरचा पत्ता दिला. त्याच्या मुलीला इम्प्लांटचा फारसा उपयोग झाला नव्हता. आधी त्याला भेटा, म्हणाली.

खाली उतरल्यावर भावोजी जिन्याशीच थांबले. "विकणारा माणूस नाराज गिऱ्हाइकाचा पत्ता देत नाही, मेहुणीबाई," ते म्हणाले. ह्यातही काही डाव असेल का, ह्याचा ते रस्ताभर विचार करत होते, पण पाय बुकबाइंडरच्या दिशेने चालले होते.

बुकबाइंडरच्या दुकानात खळीचा वास आणि कागदांच्या थप्प्या. त्याची मुलगी, चांगली उंच झालेली, मोठ्या सुईने पानं शिवत होती. कानाला यंत्र होतं. तिला मोटारीचा हॉर्न कळतो, कुत्रं भुंकलं तर कळतं, पण बोलणं फारसं उमजत नाही. बापलेक हातांनी बोलत होते, भराभर. तिने आमच्याकडे बघून हातांनी काहीतरी म्हटलं आणि बाप हसला. काय म्हणाली विचारलं, तर म्हणे, हे काका तुमच्याकडे वसुलीला आलेत का? मलाही हसू आलं. पोरगी माझ्याच जातकुळीतली.

भावोजींनी एकदम मुद्द्याला हात घातला. फसवलं ना तुम्हाला?

"फसवलं कुणी नाही," बुकबाइंडर म्हणाला. "आम्ही उशिरा गेलो. पण मला ऑपरेशनचं वाईट नाही वाटत. यंत्र लावलं असतं काय, नसतं काय. आमचं ठरत नव्हतं, हा डॉक्टर बरा का तो बरा, खरं का खोटं. त्यात ही सात वर्षांची झाली. त्या सात वर्षांत हिच्याशी कुणी बोललंच नाही हो. तोंडाने नाही आणि हातांनीही नाही. ऐकू येत नाही, तर बोलून काय उपयोग, असं वाटायचं. घरात पाच माणसं, आणि ही एकटी."

परतताना भावोजी मागे वळून बघायचंही विसरले. घरी आलो तेव्हा भिंगरी दुकानात ओट्यावर पाठमोरी बसली होती. सवयीने ते तिच्या मागे गेले आणि तिथेच थबकले. मग वळसा घालून तिच्या समोर आले आणि जमिनीवर मांडी घालून बसले. भिंगरीने वर पाहिलं. बाप समोर बसायची तिला सवय नव्हती. ती त्यांच्या हातांकडे बघायला लागली, आता हे काय करणार म्हणून.

"वर्षभर मी हिच्या पाठीमागेच उभा राहिलो," ते म्हणाले. कुणाला म्हणाले कोण जाणे. ताई दारात होती, तिने ऐकलं. मला त्यांचा इतका राग आलेला असायचा, पण त्या क्षणी त्यांच्याकडे बघवेना, मी वर निघून आले.

सही झाली. अर्थात हॉस्पिटलचा कागद त्यांनी माहितीबाईकडून, बुकबाइंडरकडून आणि न्हाव्याकडून वाचून घेतल्यावर. दरम्यान ते आणि ताई शनिवारी वाचनालयाच्या खोलीत जाऊन बसायला लागले, बुकबाइंडरच्या मुलीकडून हातांच्या खुणा शिकायला लागले. ऑपरेशन झालं का न झालं, लागू पडलं का न पडलं, पोरीशी बोलायचं आजपासून, असं ताईने ठणकावून सांगितलं. ताईचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

ऑपरेशन नीट पार पडलं. जखम भरल्यावर यंत्र चालू केलं, त्या दिवशी मीही गेले होते. आम्हाला वाटलेलं, पोर हसेल. पोरीने असा टाहो फोडला की विचारू नका. भावोजी ताडकन उठले, ते यंत्र उपटायला हात पुढे केला, आणि ताईने त्यांचं मनगट धरलं. घरी आल्यावर तेच पुन्हा. लावलं की काढून फेकायची. नंतर फेकणं थांबलं, पण कशाला दाद देईना. हाक मारा, गाणं म्हणा, काही नाही. भावोजींचं पालुपद परत आलं. यंत्र सदोष आहे. नेमकं आम्हालाच बिघडलेलं दिलं. रोज माहितीबाईला फोन, आणि ती रोज एकच सांगायची: बोलत राहा, दादा. समोर बसून बोलत राहा.

काय बोलणार? ह्या माणसाला आयुष्यात गप्पा मारता आल्या नाहीत. मग ते कुलपांबद्दल बोलायचे. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी भिंगरीला समोर बसवून हातांच्या खुणा करत तिला सांगायचे, हे पितळेचं, हे आतून गंजलंय, हा खटका अडकतो, ही किल्ली ज्याची आहे तो माणूस मला बरा वाटत नाही. मी जिन्यात उभी राहून ऐकायची.

एका सकाळी असंच चाललं होतं. ते बोलत होते आणि भिंगरीने मान तिरकी केली. तिने आधी खोलीच्या कोपऱ्यात पाहिलं. मग उठून दाराच्या मागे बघून आली, कुणी लपलंय का. कपाट उघडून पाहिलं. भावोजी बोलायचे थांबले, तशी तीही थांबली. ते पुन्हा बोलायला लागले, तशी ती गर्रकन वळली. डोळे बारीक करून हळूहळू त्यांच्यापाशी आली आणि आपला तळवा त्यांच्या तोंडावर दाबून धरला. तोंड बंद झालं. तिने हात काढला आणि वाट बघत राहिली.

"भिंगरी," भावोजी म्हणाले.

तिने पुन्हा तोंड दाबलं. पुन्हा हात काढला. पुन्हा दाबलं. दुकानाबाहेर गिऱ्हाईक शटर वाजवत होतं, कुणी उठलं नाही. भावोजींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि ती त्याकडे लक्षच देत नव्हती. तिची खात्री पटलेली नव्हती. ती हात काढायची, ते म्हणायचे, "भिंगरी, मी बाबा," आणि ती परत दाबायची.